अकरा टक्के पाणी

१९ मे २०२४

अनेकांत,

आशीर्वाद लिहू का नको, ह्यातच पाच मिनिटं गेली. लिहिलाय असं समज आणि पुढं वाच.

तू माझा फोन उचलत न्हाईस. रुचिता उचलती, "ते कामावर गेल्यात" म्हणती आणि ठेवती. सहा वर्षं माणूस कामावरच हाय! इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांनी तुझा सत्कार करायला पाहिजे. म्हणून पत्र लिहिते. पत्राला काय सांगणार तुझी बायको, कामावर गेल्यात म्हणून?

आण्णा बरे हायत. ब्याऐंशीवं सरलं. सकाळी बस्तीत तीर्थंकरांचं दर्शन घेत्यात, येताना कट्ट्यावर टेकत्यात आणि घरात पाऊल टाकलं की विचारत्यात, "इचलकरंजीची गाडी आली काय?" तुझं नाव घेत न्हाईत. गाडीचंच विचारत्यात. मी म्हणते, आली आणि गेलीबी. मग जेवायला बसत्यात.

दूध संस्थेत टेस्टर अजून मीच हाय. सकाळ-संध्याकाळ संकलन, तीच रांग, तीच ओरड, "आक्का, फॅट किती लागली?" हल्ली मला दोनदा विचारावं लागतंय, कारण डावा कान बंद पडलाय. सर्दी हाय, दुसरं काय न्हाय. नाकातनं खपल्या निघत्यात, कवा कवा रक्त येतंय. उन्हाळा हाय. सांधे दुखत्यात, ते वय हाय. हे सगळं मी तुला कशाला सांगत बसले?

एकदा येऊन जा. आण्णांसाठी म्हणते मी, माझ्यासाठी न्हवं.

आक्का


२७ जून २०२४

अनेकांत,

पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमननं शेरा मारलाय, "घेण्यास नकार". झकास! माझ्या हातानं तुला पाटीवर श्रीकार गिरवायला शिकवला, आणि माझं अक्षर बघून तू पाकीट परत केलंस. ह्या वेळी वर रुचिताचं नाव घातलंय. नणंदेचं पत्र परत करायची तिची छाती हाय का बघते.

आता पाकीट फुटलंच असंल तर माझीबी बाजू ऐक. अव्वा गेली तवा तू सात वर्षांचं बिनआईचं पोर झालास. मी सासर बघितलं, चार वर्षांत कुंकू पुसून परत आले, आणि तुला मोठं केलं. ते असो, ते काय मी उपकार म्हणून लिहीत न्हाय. मी त्या सकाळचं लिहिते. महापुराच्या आदल्या सालचं.

किटल्या रांगेत लावून माणसं कट्ट्यावर बसलीती. तुझी किटली तिसरी. मी झाकण काढलं, दूध ढवळलं, नमुना मशीनला लावला. फॅट बरी हुती. एसएनएफ, म्हंजे चरबी सोडून दुधाचा बाकीचा कस, नऊ पाहिजे तितं आठ. आणि खाली मशीननं आपलं आपणच दाखवलं: पाणी अकरा टक्के. मी मोठ्यानं वाचलं. अरे, मी सगळ्यांचंच मोठ्यानं वाचते! सख्ख्या भावाचं हळू वाचलं असतं तर गावानं दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं. फळ्यावर नाव लिहिलं, आठ दिवस दूध बंद. नियम हाय तो. बाकीच्यांना लावला, तुलाबी लावला.

तू म्हणालास, "आक्का, मी पाणी घातलं असं तुला वाटतंय?"

मी म्हणाले, "मला काय वाटायचंय, आकडा बघ की."

चाळीस माणसं ऐकत हुती. तिसऱ्या दिवशी तू दोन्ही म्हशी विकल्यास आणि महिन्यानं घरालाच पाठ केलीस. मी आकडा वाचला, एवढंच. मशीनला भाऊ नसतो, अनेकांत.

मी बरी हाय. एका डॉक्टरला क्षय वाटला, खोकल्यात थोडं रक्त दिसलं म्हणून. थुंकी तपासली, काय सापडलं न्हाय. बारा किलो उतरले. शेजारची शालूबाई म्हणती, आक्का, तू आता कॉलेजातली पोरगी दिसतीस. तिची जीभ तुला माहीत हायच.

आक्का


२ ऑगस्ट २०२४
कोल्हापूर, दवाखान्यातनं

अनेकांत,

पत्र परत आलं न्हाय. म्हंजे रुचितानं ठेवून घेतलं. वाचलंस का न्हाय ते तुझं तू जाण.

आता लपवण्यात अर्थ न्हाय. पायावर तांबडे-जांभळे ठिपके उठले, डोळा लाल झाला, जिना चढताना धाप लागाय लागली. शालूबाई मला ओढतच कोल्हापूरला घेऊन आली. हितल्या डॉक्टर संयोगिता मॅडम. बाई बारकी, आवाज दणदणीत. मी फाईल पुढं केली तर म्हणाल्या, "कागद नंतर. आधी माणूस." पाय बघितले, नाकात बॅटरी मारली, छातीला नळी लावली, मग लघवी, रक्त, फोटो सगळं झालं.

मॅडमनी मला समजावून सांगितलं. अंगात राखण करणारी फौज असती, जंतू शिरला की ती अँटिबॉडी सोडती. माझ्या फौजेनं ती घरच्याच माणसांवर सोडलीय. त्यानं बारक्या रक्तवाहिन्या सुजल्यात, नाकातल्या, फुप्फुसातल्या. किडनीपतोर गेलं तर अवघड, अजून गेलेलं न्हाय. व्हॅस्क्युलायटिस म्हणत्यात ह्याला. आणि त्या अँटिबॉडीला म्हणत्यात ॲन्का.

मी विचारलं, "ती मोजता येती काय?"

"येती की."

"माझी किती?"

"एकशे शहाऐंशी. वीसच्या आत पाहिजे."

खरं सांगू? मला बरं वाटलं. इतके महिने सर्दी, वय, उन्हाळा, क्षय, कुणी काय सांगंल त्यावर मान हलवत हुते. आता आकडा मिळाला. आकडा खाली आणायचा, काम संपलं. हे मला जमतंय.

स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली, मग सलाईनमधनं एक भारी औषध गेलं. तोंड सुजून भोपळा झालंय. अंगात नुसती वळवळ हाय, एका जागी बसवत न्हाय. हे पत्र लिहिताना चार वेळा उठून खिडकीपतोर जाऊन आले. खिडकीतनं काय दिसतंय तर दुसऱ्या दवाखान्याची खिडकी.

आण्णांना घरी शालूबाई बघती. त्यांना मी सांगितलंय, ट्रेनिंगला चाललेय. ब्याऐंशी वर्षांचा माणूस म्हणाला, "आता कसलं ट्रेनिंग, तूच सगळ्यांना शिकवतीस."

भेटायला ये असं मी म्हणत न्हाय. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर हाय, एवढं लिहून ठेवते.

आक्का


१४ फेब्रुवारी २०२५

अनेकांत,

मी ठणठणीत हाय. नाक मोकळं, कान उघडला, धाप न्हाय, ठिपका न्हाय. संकलनाला परत उभी राहते. गोळ्या चालू हायत, स्टिरॉइड थोडंसंच उरलंय.

पण आकडा उतरंना! नोव्हेंबरात एकशे बावन्न. डिसेंबरात एकशे चाळीस. जानेवारीत परत एकशे साठ! मॅडमनी दर महिन्याला काढा म्हणून सांगितलेलं न्हाय. मीच जाते, जयसिंगपूरच्या लॅबमध्ये, एसटीनं. तितला माणूस आता ओळखतो, लांबनं बघूनच हाताला रबर बांधायची तयारी करतो. रिपोर्ट यायला चार दिवस लागत्यात. ते चार दिवस मी घरात फेऱ्या मारते, आरशात नाक बघते, पाय उजेडाला धरून ठिपके शोधते, डास चावला तरी घासून बघते. आण्णा म्हणत्यात, "बस की जरा, अंगण झिजलं." आलेला आकडा मी संस्थेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून रेघ ओढते. वर गेली की माझं जेवण जात न्हाय.

मॅडमकडं ही वही घेऊन गेले तर त्यांनी ती उघडलीबी न्हाय. "चंदनाताई, तुम्हाला त्रास काय होतोय?" म्हटलं, काय न्हाय. "लघवी?" चांगली. "किडनी?" तुम्हीच काढला रिपोर्ट, चांगली. "मग? ॲन्का अंगात असली म्हणजे आजार पेटलाच असं नाही. कुणाची वर्षानुवर्षं वर राहती आणि माणूस मजेत असतं. कुणाची खाली असती आणि आजार आत काम करत असतो. माझ्याकडं या, लॅबकडं पळू नका. आणि लघवी मात्र महिन्याला तपासा, साधी तपासणी आहे."

हो हो म्हणून आले. मनाला पटलं न्हाय. आकडा वर आणि माणूस चांगलं, असं कसं? वीस वर्षं मशीन बघतेय मी. मग नवस बोलले. आकडा वीसच्या आत आला तर दशलक्षणात दहा दिवस निरंकार उपास. अव्वाची शपथ घालून बोलले.

आणि एक. बाळासो डॉक्टर, आपला जनावरांचा, परवा संस्थेत आलता. बोलता बोलता म्हणाला, तू विकलेल्या त्या डावीकडच्या म्हशीला आतनं दगडी झालेली हुती, कासेचा आजार. वरनं कास सुजलेली दिसत न्हाय, पण दूध पातळ पडतंय, कस कमी लागतोय. आणि कस कमी लागला की मशीन तेवढं पाणी धरतंय. म्हंजे पाणी न्हवतं.

आत्ता कळलं मला हे. कळल्यावर लगेच लिहिलं. ये आता.

आक्का


८ सप्टेंबर २०२५

अनेकांत,

बारा! आकडा बारा आला! रिपोर्टवर छापलंय, निगेटिव्ह. लॅबमधल्या माणसानं पेढा मागितला. ऑगस्टच्या वीस तारखेला कळलं आणि अठ्ठावीसला दशलक्षण लागलं. एवढा योग जुळून आल्यावर नवस कोण मागं ठेवंल?

दहा दिवस केले. दिवसातनं एकदा उकळून गार केलेलं पाणी, बाकी काय न्हाय. गोळ्या बंदच केल्या. त्यातनं आता ॲन्काच न्हाय म्हटल्यावर गोळी कुणाला मारणार? मॅडमना विचारलं न्हाय. त्या नको म्हणाल्या असत्या, म्हणून विचारलं न्हाय. बस्तीत महाराजांनी विचारलं, "औषधपाणी काय चालू न्हाय ना?" मी न्हाय म्हणाले. त्या दिवशी ते खरंच हुतं.

काल पारणं झालं. वाजंत्री लावून घरी आणलं मला. आण्णांनी पहिला घोट पाजला, अर्धा माझ्या लुगड्यावर सांडला. सगळं गाव आलतं. मी दाराकडंच बघत हुते, तू येतोस का म्हणून.

पाय थोडे सुजल्यात, उपासानं असंल. दशलक्षणाचा शेवट क्षमावाणीनं होतो, लोक एकमेकांचे हात धरून क्षमा मागत्यात. मी रस्त्यात भेटंल त्याला, अगदी शालूबाईच्या सासूलाबी, "उत्तम क्षमा" म्हणून आले. तुला पत्रातनं म्हणते. उत्तम क्षमा, अनेकांत.

फेब्रुवारीतल्या पत्राला तुझं एक अक्षर न्हाय. पाणी न्हवतं हे कळूनबी?

आक्का


२९ ऑक्टोबर २०२५
कोल्हापूर, दवाखान्यातनं

अनेकांत,

परत दुसरा मजला.

पारणं झाल्यावर पायाची सूज गेली न्हाय. सकाळी तोंड सुजायचं. लघवीला फेस यायला लागला, साबण टाकल्यासारखा. मग रंग चहासारखा झाला. मी काय केलं? जयसिंगपूरला गेले आणि परत ॲन्का काढली. चौदा आली. निगेटिव्ह! आनंदानं घरी येऊन आण्णांना शिरा करून घातला. शिरा ढवळताना दोनदा खाली बसावं लागलं, तरी मला काय कळलं न्हाय. लघवी तपासायला त्याच लॅबमध्ये पलीकडच्या टेबलावर बाटली द्यायची असती. वर्षभर त्या टेबलासमोरनं गेले, एकदाबी दिली न्हाय.

गेल्या सोमवारी सकाळच्या संकलनाला कुणाची तरी फॅट वाचत हुते आणि मधेच आवाज बंद पडला. डोळ्यापुढं अंधारी. खाली पडले ते दुधातच.

मॅडमनी रिपोर्टची फाईल बाजूला सारली. पायावर बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला. "लघवी कधी तपासली होती?" म्हटलं, काढलीच न्हाय. "गोळ्या?" म्हटलं, उपासापासनं बंद. मग त्या ज्या बोलल्या! अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. एवढ्या वर्षांत माझ्यावर असं कुणी ओरडलेलं न्हाय, मीच सगळ्यांवर ओरडते. स्टिरॉइड एकदम बंद करून दहा दिवस उपाशी राहिले, त्यातच मरायची हुते म्हणाल्या. लघवीत रक्त निघालं, प्रथिनं निघाली. किडनीचा आकडा क्रिएटिनिन, एकच्या आसपास पाहिजे तितं चार. किडनीचा तुकडा काढून तपासला. आजार पेटलेला, पुरा पेटलेला.

"आणि ॲन्का?" मी विचारलं.

"अकरा. नॉर्मल."

अकरा. मला हसू आलं का रडू ते कळलं न्हाय.

म्हटलं, "म्हंजे मशीन खोटं बोललं?"

मॅडम जरा शांत झाल्या. स्टूल ओढून बसल्या. "मशीन खरं बोललं, चंदनाताई. तुम्ही त्याला जेवढं विचारलं तेवढंच ते बोललं. बाकीचं माणसाला विचारायचं असतं."

त्या गेल्या. तवापासनं मी पडून हाय आणि पडवत न्हाय. हाताला सलाईन, उठता येत न्हाय, नायतर जिना उतरून चालत इचलकरंजीला आले असते. तू मला विचारलंतंस, मी पाणी घातलं असं तुला वाटतंय? मला. आणि मी म्हणाले, आकडा बघ. ज्या पोराला मी न्हाऊ घातलं, जो चोरून पेरू तोडला तरी घरी येऊन आपणच सांगायचा, त्याला एक प्रश्न विचारायला मला जमलं न्हाय. म्हशीला काय झालंय का, एवढाच प्रश्न!

किडनी किती राहती ते पंधरा दिवसांनी कळंल. डायलिसिसची सुई मानेला टोचायची तयारी ठेवलीय. मला भ्या वाटतंय, अनेकांत. आण्णांसाठी न्हाय. माझ्यासाठी ये.

आक्का


६ नोव्हेंबर २०२५
कोल्हापूर

अनेकांत,

काल तू आलास.

मी दाराकडं पाठ करून हुते, आण्णा स्टुलावर हुते. त्यांना आता सगळं कळलंय, हट्टानं आल्यात. तुला बघून ते म्हणाले काय, तर "गाडी वेळेवर हुती काय?" तू म्हणालास, "व्हय, आण्णा." सात वर्षांनी बापलेक एवढंच बोलले.

तुझ्या केसात सूत अडकलं हुतं. कानशिलं पांढरी झाल्यात तुझी, मी ते आधी सूतच समजले. तू काही आणलं न्हवतंस, ते बरं केलंस. माझ्या पायाशी बसलास आणि घोट्यावर अंगठा दाबून बघितलास, म्हशीची कास बघायचास तसाच, हलक्या हातानं. म्हणालास, "अजून खड्डा पडतोय." मी म्हणाले, कमी हाय आता. डायलिसिस लागलं न्हाय, क्रिएटिनिन खाली येतंय, पण किडनी अर्धीच राहील म्हणत्यात.

मग जाताना उभा राहून तू एकच विचारलंस. "आक्का, पाणी न्हवतं हे तुला कवा कळलं?"

मी म्हणाले, "फेब्रुवारीत. लिहिलंतं की."

तू मान हलवलीस. "बरं," म्हणालास आणि गेलास.

अनेकांत, ते खोटं हाय.

मला नवव्या दिवशी कळलं. तू तिसऱ्या दिवशी म्हशी विकल्यास, नवव्या दिवशी बाळासो त्या नव्या मालकाकडं गेलता, त्यानं म्हैस तपासली, दुधाची परीक्षा केली आणि संध्याकाळी संस्थेत येऊन मला सांगितलं. म्हणाला, "आक्का, पाणी न्हवतं, त्या म्हशीला आतनं दगडी हाय." मी म्हणाले, "मी सांगते त्याला, तू गावात बोलू नको." आणि सांगितलं न्हाय.

त्यानंतर वीस दिवस तू गावातच हुतास. म्हैस न्हाय, दूध न्हाय, तरी रोज सकाळी संकलनासमोरच्या कट्ट्यावर येऊन बसायचास. मला वाटायचं, मला लाजवायला बसतोस. मी फळ्याकडं बघायची, किटलीत बघायची, तुझ्याकडं न्हाय. फळ्यावरनं तुझं नाव आठ दिवस भरल्यावर नियमानं पुसलंतं, तेवढंच. रोज मनात म्हणायची, आज सांगते. मग रांग लागायची, माणसं दिसायची, आणि तोंड उघडायचं न्हाय. टेस्टरबाई चुकली असं चाळीस माणसांपुढं कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी कुणी माझ्या आकड्याला मानलं असतं? एवढ्यासाठी, बघ. एवढ्याशा पायी भाऊ घालवला.

एकविसाव्या दिवशी कट्टा मोकळा हुता. मला हलकं वाटलं. तेबी लिहिते, कारण तेबी खरं हाय.

काल तू बोललास, पायाला हात लावलास, आणि तरी मी तुझ्या तोंडावर खोटं बोलले. आता हे पत्र वाचून तू परत कवाच आला न्हाईस तर मी काय म्हणणार? परत पाठवलंस तरी चालंल. पण फोडून, वाचून पाठीव.

आक्का


२३ नोव्हेंबर २०२५

अनेकांत,

मी घरी आलेय. गोळ्या वेळच्या वेळी, अंधार पडायच्या आत. लघवी परवा तपासली, रक्त कमी झालंय. ॲन्का काढली न्हाय. हात शिवशिवतो, पण काढली न्हाय.

आज दुपारी रुचिता आली. हातात माझंच पाकीट. म्हटलं, आलं परत. पण ते फोडून परत चिकटवलेलं हुतं. डिंक न्हाय, तुमच्या सुताला लावत्यात ती खळ, वासावरनंच कळलं. रुचिता म्हणाली, "त्यांनी सांगितलंय, तुमच्याच हातात द्यायचं." पाणी पिली आणि माझ्याशेजारी बसली. उठून गेली न्हाय.

माझ्या पत्राच्या पाठीवर तू लिहिलंयस. ते मी इतक्यांदा वाचलं की आता बघितल्याशिवाय लिहिते:

"आक्का, नववा दिवस मला माहीत हाय. बाळासो आधी माझ्याकडं आला, मग तुझ्याकडं. मीच त्याला म्हणालो, आक्काला सांग, ती सांगंल सगळ्यांना. मग मी रोज कट्ट्यावर येऊन बसत हुतो. तू सांगशील तवा मी तितं असावं म्हणून."

आधी मला रागच आला, खोटं कशाला बोलू! अरे गाढवा, मग तोंड न्हवतं तुला? दगड मारायचास फळ्याला! सात वर्षं हे पोटात ठेवून कापड विणत बसलास? रुचितासमोर ओरडले मी हे सगळं. ती म्हणाली, "वन्सं, मीबी त्यास्नी हेच म्हणत आलेय." मग मला रडू फुटलं आणि थांबंना. आण्णा बाहेरनं आत आले, दोघींकडं बघितलं आणि परत बाहेर जाऊन बसले.

पाण्याचा राग तुला कवाच न्हवता. तू माझी वाट बघत हुतास आणि मी तुझ्याकडं बघत न्हवते. एवढं कळायला मला अर्धी किडनी लागली.

उद्या सकाळच्या संकलनाला मी जाणार हाय. मॅडमनी उभं राहायला मनाई केलीय, शालूबाई खुर्ची टाकणार हाय. मशीन लावायच्या आधी फळ्यावर तुझं नाव लिहिणार आणि मोठ्यानं वाचणार. पाणी न्हवतं, म्हैस आजारी हुती, मला नवव्या दिवशी कळलंतं आणि मी गप बसले. सगळ्यांचं वाचते तसंच. नंतर त्यांनी दुसरी टेस्टर बघितली तर बघू दे.

ये म्हणून लिहीत न्हाय. तू वीस दिवस आलास, आता माझी पाळी. हे पत्र रुचिताच्या हातीच देते, संध्याकाळच्या गाडीनं ती पोचंल.

आण्णांनी मघाशी माळ्यावरनं तुझी जुनी किटली काढली. राख लावून घासली, धुतली आणि आपणच जाऊन संस्थेच्या दारात उद्याच्या रांगेत लावून आले. तिसरी हाय.

आक्का